सावर्ड्याचं जायफळ

आधीच सांगून ठेवते, झाडांशी गोड बोलणाऱ्यांतली मी नाही. लोक म्हणतात, झाडांना गाणी ऐकवा, मायेनं कुरवाळा. मी माझ्या झाडांना शिव्या घालते. सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारी गेले की सुरू. "काय गं मिरचे, पानं मुरडून बसलीस? कुणी काय बोललं तुला?" पोस्टात दिवसभर काउंटरवर लोकांशी गोड बोलावं लागतं, तर घरी तरी मनासारखं बोलू दे.

नाचणे गावात आम्ही घर बांधलं ते कातळावर. कातळ म्हणजे जांभ्याचा सलग दगड. त्यावर वीतभर माती असली तरी नशीब म्हणायचं. पहिल्याच वर्षी मी हौसेनं कुदळ मारली तर ठिणगी उडाली. माझा नवरा अनिश पायरीवर बसून खो खो हसला. "नीरजा, इथे सरळ फरशी घाल. धुवायला बरी." झालं! माझं डोकं फिरलं. गडी लावून कातळ फोडून घेतला, टेम्पोनं माती आणवली, शेण आणलं, पालापाचोळा कुजवला. बाग केलीच.

आता बाग म्हटली की सुखच सुख असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा माझ्याकडे राहायला यावं. पपई पिवळी व्हायला लागली, उद्या काढू म्हटलं, तर पहाटे वांदरांची टोळी हजर. त्यातला एक मोठा फाटकावर बसून माझ्याकडे बघत बघत माझी पपई खात होता, मेला! झेंडूची रोपं गोगलगाईंनी एका रात्रीत साफ केली. पण दोडक्याचा वेल लागला ना, तेव्हा असा लागला, असा लागला की मी पिशवी घेऊन निघाले की कॉलनीतले लोक दारं लावून घ्यायला लागले. बागेचं हे असंच आहे. एक दिवस डोक्यावर हात, दुसऱ्या दिवशी आनंदानं उड्या.

पण हे सगळं किरकोळ. माझा सगळा जीव होता तो भिंतीजवळच्या जायफळात.

घर झालं त्याच वर्षी मी सावर्ड्याला माहेरी गेले होते. भाऊ सर्वेश, त्याची बाग आहे. त्यानं नुकतंच फुटलेलं एक जायफळ हातावर ठेवलं. वरची लालभडक जायपत्रीसुद्धा अजून ओली होती. "ताई, आज-उद्यात लाव. सुकलं की रुजत नाही," म्हणाला. मी तशीच एस.टी.नं ते ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं आणि सगळ्यात खोल खड्ड्यात लावलं. रुजलं! महिना-दीड महिन्यानं तांबूस कोंब वर आला तेव्हा मी अनिशला झोपेतून उठवून बागेत नेलं होतं.

जायफळाची एक गंमत आहे. गंमत कसली, छळ आहे. बीपासून वाढवलेलं झाड नर निघतं किंवा मादी, आणि ते फुलल्याशिवाय कळत नाही. फुलायला सात-आठ वर्षं लागतात. मादी निघाली तर फळं. नर निघाला तर नुसती फुलं, फळ एक नाही. सर्वेशनं सांगून ठेवलं होतं, "फूल एकेकटं आलं तर मादी, झुपक्यानं आलं तर नर." मी म्हटलं, मादीच निघणार. माझ्या घरात माझं ऐकणारं कुणीतरी हवंच ना.

भिंतीपलीकडे मालनवहिनी राहतात. त्यांचे यजमान, लवूभावजी, जहाजावर होते, आता घरी असतात. त्यांच्याही परसात जायफळ आहे, जुनं, चांगलं मोठं. आम्ही राहायला आलो तेव्हा ते फळांनी नुसतं लगडलं होतं. मी नवीन, उत्साही. भिंतीशी उभी राहून बोट दाखवत मोठ्यानं मोजायला लागले, "अय्या वहिनी! किती ही फळं! एक, दोन, तीन..." मालनवहिनी घरातून धावत आल्या. "बोट खाली कर आधी! झाडाला बोट दाखवून मोजतात काय कुणी?"

मी हसले. हसायला नको होतं, कारण त्या हंगामानंतर त्यांच्या झाडाला एक फळ लागलं नाही. दर वर्षी फुलं यायची, सगळी गळून पडायची. आणि सगळ्या आळीत बोभाटा झाला, की पोस्टातल्या नीरजाच्या बोटानं मालनचं झाड वांझ झालं. एकदा हळदीकुंकवाला मी गेले तर एका बाईनं आपल्या कुंडीतल्या कळ्यांवर पदर टाकला. माझ्या देखत! मी ओटी न घेता घरी आले आणि खूप रडले. रागानं रडले, पण रडले.

तेव्हापासून मालनवहिनींचं आणि माझं बोलणं बंद. पण खरं सांगू? बोट दाखवायची मी इतकी धास्ती घेतली की स्वतःच्या बागेतसुद्धा बोट दाखवत नाही. पाहुण्यांना सांगायचं झालं तरी मूठ पुढे करते. "ती बघा, तिकडे, माझ्या मुठीच्या रेषेत." पाहुण्यांना वाटतं, मारते की काय.

तर अशी आठ वर्षं गेली. झाड घराच्या छपराला लागलं. आणि गेल्या दिवाळीत अनिशनं गाडी बुक केली.

"गुढीपाडव्याला गाडी येणार," तो म्हणाला, "आणि आपली गल्ली एवढी अरुंद, की बाहेर लावली तर कचऱ्याची गाडी अडते. आत घ्यायची तर एकच जागा आहे." त्यानं जायफळाकडे बघितलं.

"खबरदार!" मी म्हटलं.

"अगं, पण ते काय देतंय? सावली देतंय आणि पालापाचोळा देतंय. मी आठ वर्षं काही बोललो का?"

नव्हता बोलला, हे खरं. माणूस सरळ आहे, म्हणूनच त्याच्याशी भांडताना त्रास होतो. शेवटी ठरलं असं, की पाडव्याच्या आत झाड फुललं आणि मादी निघाली तर झाड राहील, गाडीचं तो बघेल. नर निघालं किंवा फुललंच नाही, तर झाड जाईल. मी तोऱ्यात हात पुढे केला. "मादीच निघणार! लाव पैज!"

मग काय विचारता! रोज सकाळ-संध्याकाळ मी शिडीवर. पानापानाच्या खाली बघते आहे, फांद्या वाकवते आहे, चष्मा पडतो आहे. अनिश शिडी धरून खाली उभा. "दिसलं का काही?" "थांब रे!" ऑफिसात लोक पार्सलं घेऊन रांगेत उभे आणि माझं मन त्या झाडावर. पोस्टमास्तरांनी एकदा विचारलंसुद्धा, घरी कुणी आजारी आहे का.

त्यात मालनवहिनींनी एक नवीन प्रताप केला. डिसेंबरात एका सकाळी बघते तर भिंतीवर त्यांच्या बाजूनं काठ्या बांधलेल्या आणि त्यांवर जुन्या साड्यांचा पडदा! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांचं झाड दिसेना, माझ्या झाडाच्या पलीकडे झुकलेल्या फांद्यासुद्धा दिसेनात.

"बघितलंस?" मी अनिशवर ओरडले. "माझी नजर लागू नये म्हणून! एक फळ नाही त्या झाडाला, आणि पडदे लावते! कसली नजर लागणार आहे, पानांना?"

"जाऊ दे गं."

"काय जाऊ दे? मी पण लावते पडदा! माझी चादर लावते!" लावली नाही. चादर चांगली होती.

मार्चात एका रविवारी मी शिडीवर असताना एक पान उलटलं, तर काय! फूल! पिवळसर, बोराच्या कळीएवढं, छोट्या घंटेसारखं लटकलेलं. आणि एकटं! मी पुन्हा बघितलं. एकटंच!

"अनिश! अनिश! अरे एकटं आहे! मादी आहे, मादी! जिंकले मी!" आनंदानं मी शिडीवरच नाचले, शिडी हलली, अनिशनं मला आणि शिडीला एकदमच मिठी मारली. तोसुद्धा हसत होता. "बरं बाई, जिंकलीस. गाडी डोक्यावर घेऊन फिरतो." मी घरात पळाले, शिरा केला, तूप जरा जास्तच घातलं. आळीत वाटून आले. मालनवहिनींचं दार सोडून सगळीकडे वाटला. भिंतीजवळ मुद्दाम उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "आमच्या जायफळाला फूल आलंय हो! मादी आहे!"

पडद्यापलीकडे खराटा चालू होता. तो थांबला.

दुसऱ्या दिवशी सर्वेशला पाठवायला फोटो काढावा म्हणून शिडीवर चढले. फूल त्याच जागी होतं. पण आता उजेड चांगला होता, आणि त्या फुलाच्या देठाला बाजूबाजूला बारीक खुणा दिसल्या. गळून गेलेल्या फुलांच्या. वरच्या फांदीवर बघितलं तर झुपका. त्याच्यावर आणखी एक झुपका. तरी फोटो पाठवलाच.

सर्वेशचा लगेच फोन आला. "ताई..."

"बोल. रडत नाहीये मी."

"नर आहे गं. काय करणार, ते आपल्या हातात नसतं."

अनिशला मीच सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे नीरजा. गाडी मी गल्लीच्या तोंडाशी लावीन." मला त्याचा असा राग आला! हरले तर हरले, दया कशाला? "पैज ती पैज," मी म्हटलं. "संदेशला बोलाव. ह्या रविवारी झाड पाड." असं म्हणून मी आत गेले आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा घासली.

रविवारी सकाळी संदेश आला. आमच्या आळीत झाडं तोडायचं काम तोच करतो. त्याच्याकडे यंत्रावरची करवत आहे. त्यानं दोर काढला, झाडाभोवती फिरून अंदाज घेतला. मी घरात बसणार होते, पण बसवेना. बाहेर आले. झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. आठ वर्षं शिव्या दिल्या होत्या त्याला, आता एकही सुचेना. "जा बाबा," एवढंच म्हटलं.

संदेशनं करवतीची दोरी ओढली. घर्रर्र झालं. आणि तेवढ्यात भिंतीवरचा पडदा टर्रकन फाटला.

"बंद कर! बंद कर ती करवत, मेल्या!"

फाटलेल्या साडीतून मालनवहिनींचं डोकं वर आलं. स्टुलावर चढल्या होत्या, पदर खोचलेला, हातात खराटा. संदेश घाबरून मागे सरला.

"माझं झाड आहे!" मी ओरडले. आठ वर्षांनी त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. "मी तोडीन नाहीतर काही करीन! तुम्हाला काय करायचंय?"

"तोडून तर बघ! हात मोडीन तुझा!"

"मोडा ना! ह्याच हाताचं बोट लागलं होतं ना तुमच्या झाडाला? मोडाच!"

मालनवहिनींनी खराटा खाली टाकला. मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "नीरजा, इकडे ये गो. जरा इकडे ये."

"मी नाही येणार."

"ये म्हणते ना. तुझ्या पाया पडते."

मोठ्या बाईनं असं म्हटल्यावर काय करणार? गेले फाटकातून फिरून. अनिशही मागून आला. मालनवहिनींनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही, मला ओढत परसात नेलं आणि त्यांच्या जायफळाखाली उभं केलं. "बघ वर."

मी वर बघितलं. फळं! पानापानाआड हिरवी गोल फळं, लिंबाएवढाली. ह्या फांदीवर, त्या फांदीवर, शेंड्यापर्यंत. मी आ वासून बघतच राहिले. ओटीवर लवूभावजी पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर तोंडासमोर जरा वर धरला.

"तू आलीस त्याच वर्षी," मालनवहिनी म्हणाल्या, "ही भिंत घालायची म्हणून आमच्या ह्यांनी इथलं एक झाड पाडलं. तेपण जायफळच व्हतं. नुसता फुलतो, फळ देत नाय, कशाला ठेवायचा म्हणाले. झुपक्या-झुपक्यानं फुलायचा. त्याच्यानंतर माझी फुलं गळाय लागली. मी तुझं बोट धरून बसले."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला.

"दिवाळीपासून तुझ्या झाडाची फुलं माझ्या अंगणात पडतायत. ह्या बाजूच्या फांद्या आधी फुलल्या. रोज झाडते मी. झुपक्याची फुलं, तशीच, आमच्या त्या झाडासारखी. आणि मग माझ्या झाडाला बारीक बारीक फळं धरलेली दिसली. आठ वर्षांनी! तेव्हा कळलं मला, जवळ नर झाड नव्हतं म्हणून माझं झाड फळत नव्हतं."

"दिवाळीपासून?" मी किंचाळले. "तुम्हाला दिवाळीपासून माहीत होतं? मी शिडीवर चढून मरते आहे, शिरा वाटते आहे, आणि तुम्ही पडदा लावून बसलात?"

"मग काय करू? कोणत्या तोंडानं बोलू?" त्याही किंचाळल्या. "आळीभर तुझं नाव मी खराब केलं! फळं दिसली असती तर तू विचारलं असतंस. मला सांगावं लागलं असतं!" आणि त्या रडायला लागल्या. मोठ्यानं, पदर तोंडाला न लावता. "तुझ्या बोटात काय नव्हतं गो. काय नव्हतं."

मला वाटलं होतं, असं कधी झालं तर मी काय काय सुनावीन! आठ वर्षं पाठ करून ठेवलं होतं. आणि मीच त्यांच्या गळ्यात पडले आणि आम्ही दोघी भर उन्हात रडलो. भिंतीपलीकडून संदेशनं विचारलं, "वहिनी, मग काय करू? तोडू काय?"

"तुझं डोकं तोड!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

अनिश तेवढ्यात खाकरला. बिचाऱ्याची गाडी आठवड्यावर आली होती. मालनवहिनींनी डोळे पुसले, त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडकडे बघितलं. लवूभावजींची जुनी जाळी, डबे, मोडकी खुर्ची, सगळं तिथे रचलेलं.

"अनिशभावजी, गाडी इथे लावा. आजच शेड रिकामी करून देते." मग ओटीकडे वळून, "ऐकलंत ना हो? पेपर खाली ठेवा आणि उठा! तुमच्यामुळे झालंय सगळं!" लवूभावजी निमूटपणे उठले.

"अहो वहिनी, कशाला? तुमची अडचण..." अनिश म्हणाला.

"अडचण कसली? मुलीकडचे आम्ही. मुलाकडच्यांची गाडी नको काय बघायला?" त्यांनी आपल्या झाडाकडे बघितलं, मग भिंतीवरून झुकलेल्या माझ्या झाडाकडे, आणि रडता रडता हसल्या. "आपण विहिणी झालो गो नीरजा."

"मग मान नीट ठेवायचा," मी म्हटलं. "आमचा मुलगा सावर्ड्याचा आहे. साधासुधा नाही."

पाडव्याला गाडी आली. तिला हार घातला, आणि ती थेट मालनवहिनींच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली. अजून तिथेच असते. विहिणी म्हटल्यावर आमची भांडणंही रीतसर सुरू झाली. त्यांचं म्हणणं माझ्या झाडाचा पाला त्यांच्या अंगणात पडतो, माझं म्हणणं त्यांची मुलगी आमच्या मुलाला ऊन लागू देत नाही. पण आळीत त्या स्वतः घरोघर गेल्या आणि बोटाचं खोटं होतं म्हणून सांगून आल्या. मी सांगितलं नव्हतं जायला.

जुलैत एका दुपारी पाऊस जरा थांबला होता. मागून हाक आली, "विहीणबाई! ये लवकर, फुटलंय!" मी तशीच ओल्या पायानं पळाले. खालच्या फांदीवरचं एक फळ बरोबर मधोमध उकललं होतं आणि आत जायपत्री लालभडक. किती दिवसांनी बघत होते तो रंग! माझा आनंद पोटात मावेना. मी नेहमीच्या सवयीनं मूठ पुढे केली. "ते बघा, तिकडे पण एक फुटलंय!"

मालनवहिनींनी माझी मूठ हातात घेतली. एकेक करून बोटं उलगडली, आणि पहिलं बोट तेवढं सरळ ठेवून माझा हात झाडाकडे उचलला.

"मोज," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं मोज. आळीला ऐकू जाऊ दे."

मी बोट ताठ केलं आणि मोजायला लागले, "एक, दोन, तीन..."